चाळीस पावलं

बाईचा पाचवा डोस मंगळवारी होता, आणि रविवारी सकाळी रस्ते बंद झाल्याची बातमी आली. ती नणंदेनं आणली. पाण्याची घागर डोक्यावरून उतरवायच्या आधीच तिनं सांगून टाकली, म्हणजे बातमी घागरीहून जड असणार.

"पुलावर आडवं लाकूड टाकलंय. पलीकडे कुणाला सोडत नाहीत. शहरात माणसं पटापट मरताहेत म्हणे."

बाई अंगणात बसून दंडाला सुतळी गुंडाळून बघत होती. ऑपरेशनमध्ये उजवी छाती काढल्यापासून त्या बाजूचा हात सुजायचा. डॉक्टरनं सूज मोजत जा म्हणून सांगितलं होतं. टेप घरात नव्हता, म्हणून तिनं सुतळीला एक गाठ मारून ठेवली होती. रोज सकाळी गाठ जुळली की ती पुढच्या कामाला लागायची. त्या दिवशीही जुळली, पण ती सुतळी सोडेना.

"परवा मंगळवार," ती म्हणाली.

"मला काय सांगतेस? पुलावरच्या माणसांना सांग," नणंद म्हणाली आणि घागर घेऊन आत गेली.

चार डोस झाले होते, दोन राहिले होते. एकवीस दिवसांचं अंतर मोडू नका, असं डॉक्टरनं बजावलं होतं. अर्ध्यावर सोडलं तर आधीचे चार फुकट जातील. ते चार तिनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. केस गेले, नखं काळी पडली, तोंडात फोड आले, पाण्याला लोखंडाची चव यायला लागली. एवढं सोसून ते फुकट जाणार, ही गोष्ट तिला मरणापेक्षा जास्त लागत होती.

घरात तिघंच. ती, तिचा नवरा आणि नवऱ्याची थोरली विधवा बहीण. धंदा दोर वळायचा. घरामागे एक लांब, अरुंद पट्टा होता. एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला खुंट, मध्ये चाळीस पावलं. एकानं चाक फिरवायचं आणि दुसऱ्यानं कमरेला घायपाताच्या वाखाचा भारा बांधून, तंतू सोडत सोडत मागे मागे जायचं. लग्न झाल्यापासून नवरा चाकावर बसायचा आणि ती चालायची. "अठ्ठावीस वर्षं माझी बायको माझ्यापासून लांब जातेय," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "पण घर काही सोडत नाही."

ऑपरेशननंतर ते उलटं झालं. नवरा चालायला लागला, चाक तिच्याकडे आलं. तिसऱ्या डोसानंतर चाकही झेपेना, तेव्हा ते नणंदेनं घेतलं. बाईकडे टोकं काढायचं काम उरलं.

वाखाच्या प्रत्येक पुंजक्याला टोक काढावं लागतं. पुंजका मांडीवर घ्यायचा, शेवटचे तंतू ओठांत ओले करायचे आणि बोटांत पिळून सुईसारखे करायचे. चालणाऱ्याचे दोन्ही हात दोरात गुंतलेले असतात, म्हणून तो पुढचा पुंजका टोकाशी ओठांत धरून ठेवतो आणि पहिला संपला की तोंडातूनच सांध्याला देतो. पाण्यानं ओला केला तर वाख फुगतो, सांधा निसटतो. थुंकीनं बसलेला सांधा बैल लावला तरी सुटत नाही. हे त्या घरात कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, पोरं ते बघूनच उचलत.

दुपारी गावातल्या दवाखान्यातली नर्स सायकलवरून आली. कुंपणाबाहेरच थांबली, तोंडाला फडकं बांधलेलं.

"यांच्या अंगात आता झगडायची ताकद नाही," ती बाईकडे बोट दाखवून म्हणाली. "साथ घरात शिरली तर पहिल्या याच. ताट वेगळं, पेला वेगळा, कपडे उकळून घ्यायचे. कुणी जवळ जायचं नाही. सहा फूट."

"आम्ही चाळीस पावलांवर असतो, सिस्टर," नवरा म्हणाला. "सहा फुटांवर यायला आमचं काय काल लग्न झालंय?"

नर्स हसली नाही. तेव्हा त्यालाच लाज वाटली आणि तो वाखाच्या खोलीत आपलं अंथरूण हलवायला गेला.

नर्सनं सांगितलं ते सगळं त्यांनी केलं. आतली खोली बाईला दिली. तिच्या ताटाला खूण म्हणून सुतळी बांधली. नणंद जेवण उंबऱ्यात ठेवायची आणि काठीनं आत सरकवायची. "घ्या राणीसाहेब. महालात जेवण आलं." कामाच्या वेळी बाई पट्ट्याच्या मधोमध झाडाखाली एकटी बसायची. टोकं काढून टोपलीत टाकायची, टोपली भरली की पायानं पुढे ढकलून लांब जाऊन उभी राहायची. मग नवरा यायचा, टोपली उचलायचा. त्यांची बोटंसुद्धा एकमेकांना लागत नव्हती.

"बस की गप्प जरा," नणंद चाकावरून ओरडायची. "मरायला टेकलीस तरी हात चालूच."

"टेकायला काहीतरी लागतंच ना, वन्सं."

तिला गप्प बसवतच नव्हतं. हात रिकामे झाले की रस्ता बंद, डोस चुकणार, गाठ पुन्हा येणार, कुठं येणार, असं डोकं चाकासारखं फिरायचं. पुंजके मोजत राहिलं की ते थांबायचं. शंभर झाले की ती पुन्हा एकापासून सुरू करायची.

रस्त्याचा प्रश्न दूधवाल्यानं सोडवला. त्याच्या गाडीला पास होता. "एकच माणूस नेईन," तो म्हणाला. "दोन बसवले तर मलाही आत घालतील आणि दुधालाही."

म्हणजे नवऱ्याला जाता येणार नव्हतं. आधीच्या चारही डोसांना तो बरोबर होता. कागद त्यानं दाखवायचे, डॉक्टरशी त्यानं बोलायचं, तिनं फक्त हात पुढे करायचा. मंगळवारी पहाटे त्यानं फाईल पिशवीत घातली, पिशवीला लांब दोर बांधून ती तिला गळ्यात अडकवायला दिली, आणि लांबूनच सांगत राहिला, "निळा कागद आधी. मग पिवळा. विचारलं तर म्हण, पाचवा. उलटीची गोळी आधी मागून घे."

"तुम्हीच जाऊन घेऊन या डोस," ती म्हणाली.

"घेतला असता गं," तो म्हणाला.

ती मागे कॅनांच्या मधल्या जागेत बसली. पुलावरच्या शिपायानं आत डोकावून विचारलं, "हे काय?"

"पेशंट आहे, साहेब. नासायच्या आत पोचवायचंय," दूधवाला म्हणाला.

"दूध की बाई?"

"दोन्ही."

लाकूड वर झालं. बाई दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली.

दवाखान्यात एकाआड एक खुर्चीवर फुली मारली होती. दारात कपाळाला यंत्र लावून ताप बघत होते. ताप निघाला की माणूस परत. आपलं कपाळ उन्हानं तापलंय की काय या भीतीनं तिनं ते ओल्या फडक्यानं तीनदा पुसलं. तिला आत सोडलं.

शेजारची एक फुली सोडून पलीकडे शिंपीण होती. पहिल्या दोन डोसांना भेटलेली. डोक्यावर चिंध्या जोडून शिवलेली टोपी, तिच्यात सात रंग. सलाईनच्या पिशवीकडे बघून ती म्हणाली, "ही माझी सासू. थेंब थेंब टोचते."

"मागच्या वेळी दिसला नाहीत?"

"दोन चुकले माझे. आमच्याकडचा रस्ता आधीच बंद झाला. आता काखेत पुन्हा गाठ लागतेय हाताला." तिनं ते कापडाचा भाव सांगावा तसं सांगितलं. "घरचे म्हणतात, ताण घेऊ नकोस. मी कुठं घ्यायला जाते? घरपोच येतो तो."

"मग काय करता?"

"शिवते. मास्क शिवते दिवसाला चाळीस. रडू आलं तर मशीन जोरात चालवते. सुनेला वाटतं, सासूबाईंना हुरूप आलाय." ती खोकली, पाणी प्यायली. "जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात म्हणायचे. आता सगळं गावच जात्यात आहे. आपल्याला निदान सवय तरी आहे."

जाताना तिनं बाईला एक मास्क दिला. तोही सात रंगांचा.

परतल्यावर नेहमीसारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून उलट्या, हाडांत ठणका, अंगात कणकण. तिसऱ्या दिवशी कणकण वाढली. पण दर डोसानंतर दोन-तीन दिवस अंग तापायचंच. तिनं गोळी घेतली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. वास येईनासा झाला, तेही नवीन नव्हतं. पाचव्या दिवशी ताप उतरला, आणि ती झाडाखाली येऊन बसली.

त्याच दिवशी कळलं की दुधाचं केंद्र बंद झालं. दूधवाल्याचा पास गेला. पुलावरून आता काही जाणार नव्हतं.

"सोळा दिवस आहेत," नवरा म्हणाला. तो खुंटाजवळ उकिडवा बसला होता. त्यानं नदीच्या दिशेनं पाहिलं. मग उठून नावाड्याकडे गेला.

नावेवर बंदी नव्हती, कारण नाव कुणाच्या लक्षातच नव्हती. नदीवर आडवा दोर बांधून, तो ओढत ओढत पलीकडे न्यायची ती चपटी नाव. दोर कुजून तुटल्यापासून दोन वर्षं काठावर पालथी पडली होती. पलीकडच्या काठावरून दवाखान्याची गाडी पेशंट गोळा करत जाते, हे नर्सनं सांगितलं होतं.

"दोर दे, तुझ्या बायकोला अलगद नेतो," नावाडी म्हणाला. "पण तीन पेडी पाहिजे. आणि हाताएवढा जाड. पाणी चढायला लागलंय."

एवढा दोर त्या घरानं कधी बारा दिवसांच्या आत केला नव्हता. त्यांनी तो सहा दिवसांत करायला घेतला. नणंद चाकावर, नवरा पट्ट्यावर, बाई टोकांवर. सकाळी दव असतानाच चाक करकरायला लागायचं. नवऱ्याच्या तळहातांना चिरा पडल्या, त्यानं त्यात मेण भरलं. तो मागे मागे जाताना त्याच्या तोंडातून वाखाची शेपटी लोंबायची आणि नणंद म्हणायची, "बोकड दिसतोस अगदी." त्याला तोंड उघडून उत्तर देता येत नसे, म्हणून तो मानेनंच शिवी द्यायचा. बाई हसायची. ते सहा दिवस तिला भीती आठवली नाही. मोजायचंही तिनं सोडून दिलं. आपल्याच रस्त्याची टोकं आपण काढतोय, असं तिला वाटत होतं.

सहाव्या दिवशी तिन्ही पेड एकत्र पिळताना नवरा मध्येच थांबला. खुंटाला धरून उभा राहिला.

"काय रे?" नणंदेनं चाक थांबवलं.

"काही नाही, आक्का. दम लागला."

"दम? तुला?"

दोर त्यानं पुरा केला. संध्याकाळी त्याचं अंग तव्यासारखं तापलं.

नर्स आली. नाकात काडी घालून गेली, दुसऱ्या दिवशी परत आली. तिघांच्याही काड्यांत साथ निघाली होती, पण बाई आणि नणंद चालत-फिरत होत्या. श्वास फक्त त्याचा अडकत होता.

"आधी ताप कुणाला आला?" नर्सनं कुंपणाबाहेरून विचारलं.

मग बाई म्हणाली, "मला आला होता. पण तो डोसाचा."

नर्सनं तिच्याकडे पाहिलं. "एकमेकांचं उष्टं काही? पेला, ताट, फडकं?"

"शपथेवर सांगते," नणंद म्हणाली. "या घरात कुणाच्या घोटातला घोट कुणी घेतला नाही. काठीनं ताट सरकवलंय मी हिला."

"मग कसं झालं?" नर्स म्हणाली, आणि तिनं वहीत काहीतरी लिहिलं.

चौथ्या दिवशी त्याचे ओठ निळसर झाले. नावाड्यानं नवा दोर दोन्ही काठांना ताणून बांधला होता. बायकोसाठी केलेल्या दोरावरून पहिला नवराच पलीकडे गेला. त्याच्याबरोबर एकाच माणसाला जाता येणार होतं. बाईला कुणी विचारलंही नाही. नणंद गेली.

बाई काठावर लांब उभी राहिली. तो नावेत तिच्याकडे तोंड करून बसला होता, म्हणून नाव निघाली तेव्हा तो मागे मागे गेला. त्याला जोरात बोलवत नव्हतं. त्यानं हाताची सहा बोटं वर केली. एक पंजा आणि एक बोट. तिला कळलं, पण तिनं मान हलवली नाही. सहावा डोस त्या क्षणी कुणाला हवा होता?

पाणी पिवळं होतं. दोर थरथरत होता, पण तुटणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी घर इतकं गप्प होतं की ती पट्ट्यावर जाऊन बसली. टोपलीत वाख उरला होता. हातांना काम हवं म्हणून तिनं एक पुंजका मांडीवर घेतला. शेवटचे तंतू ओठांत ओले केले, टोक पिळलं, टोपलीत टाकलं. दुसरा घेतला. तोही ओठांशी नेला.

आणि तिथंच थांबली.

ओला तंतू तिच्या जिभेवर होता. तिनं टोपलीकडे पाहिलं. दिवसाला तीनशे तरी टोकं, सहा दिवस. प्रत्येक टोक आधी तिच्या तोंडात, मग त्याच्या. तिनं तो पुंजका तोंडातून काढला नाही, टाकला नाही. ऊन पायावरून सरकून खुंटापर्यंत गेलं.

नाव गेल्याच्या पाचव्या दिवशी नणंदेचा निरोप दवाखान्याच्या फोनवरून नर्सकडे आला, नर्स सायकलवरून आली. सायकलवरून उतरताना तिनं तोंडावरचं फडकं काढलं, तेव्हाच बाईला कळलं.

त्याला घरी आणू दिलं नाही. नणंद एकटीच परत आली, त्याचा शर्ट आणि चपला घेऊन. चपला तिनं दारात जोडीनं नीट लावल्या, मग काय वाटलं कोण जाणे, उचलून आत नेल्या.

सहाव्या डोसाची तारीख उलटून गेली होती. घर साथीतून मोकळं झाल्याचा कागद मिळायला बारा दिवस उशीर झाला. दवाखान्यातून निरोप आला, गुरुवारी या, यापुढे लांबवू नका.

गुरुवारी सकाळी नणंदेनं पिशवी भरली. बाई अंथरुणातून उठली नाही.

"ऊठ. नावाडी थांबलाय."

"मी येणार नाही."

"उलटीला भितेस?"

"वन्सं, ते माझ्यामुळे गेले." बाई छताकडे बघत बोलत होती. "टोकं. मी ओली करत होते आणि ते तोंडात धरत होते. ताट वेगळं केलं, पेला वेगळा केला, आणि टोपली भरून त्यांना... मी जगून काय करू? कुणाचं घेऊन जगू?"

नणंदेनं पिशवी बाजूला ठेवली. मग खाली बसली. सहा फूट नाही, तीनही नाही, अंथरुणावरच बसली.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

बाईनं मान वळवली.

"दवाखान्यात बाकावर बसले होते. समोर एक पोरगी पेन तोंडात धरून कागद चाळत होती. तेव्हा लक्षात आलं माझ्या." नणंदेचा आवाज नेहमीसारखाच खरखरीत होता. "चाकावर कोण होतं? मी. चाळीस पावलांवरून सहा दिवस सरळ त्याच्या तोंडाकडे बघत होते. बोकड म्हणत होते त्याला. मला नाही सुचलं. त्याला नाही सुचलं. आमच्या बापानं तसाच सांधा लावला, आजानं लावला. कुणाला सुचणार होतं गं?"

"तुम्ही बोलला नाहीत."

"काय बोलू? तुला कळलं नसेल तर बरं, असं वाटलं." तिनं नाक पुसलं. "कळलंय तर कळलंय. आता दोघी मिळून वागवू. पण एक सांगते. तो दोर त्यानं कशासाठी केला ते तुला ठाऊक आहे. तू गेली नाहीस तर तो नुसता मेला, एवढंच होईल. ऊठ. भाऊ माझाही होता. मला उगाच खाली बसून रडायला लावू नकोस, माझे गुडघे दुखतात."

बाई उठली. नणंदेनं तिच्या डोक्याला फडकं बांधलं, जरा जास्तच आवळून.

दवाखान्यात शिंपिणीची खुर्ची रिकामी होती. बाईनं चौकशी केली नाही. सुई टोचताना शीर सापडेना. सिस्टरनं चौथ्यांदा टोचली तेव्हा ती नेहमीसारखी "आई गं" म्हणाली नाही. थेंब पडायला लागले. ती ते मोजत बसली. शंभर झाले की पुन्हा एकापासून.

सलाईन संपल्यावर डॉक्टर आला. लांबूनच कागद बघितले. "झाले तुमचे सहाही. आता तीन महिन्यांनी तपासणीला या."

"तीन महिने?"

"हो. मध्ये काही नाही."

इतके दिवस ती एकवीस दिवसांच्या पलीकडचं बघतच नव्हती. तिला ते तीन महिने कुठं ठेवावेत ते कळेना. ती भिंतीला धरत बाहेर आली.

नणंद पायरीवर बसून गुडघे चोळत होती. "काय म्हणाले?"

"तीन महिन्यांनी या म्हणाले."

नणंदेनं बोटांवर महिने मोजले. एकदा चुकले, पुन्हा मोजले.

"म्हणजे ऐन थंडीत," ती म्हणाली. "नदीवर वारा असेल. दोघींना जाड पांघरूण घेऊन निघावं लागेल."